पोपटाचा खेळगडी

'पोपटपंची' हा शब्द आपल्या भाषेत चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. अर्थ न समजता जो धडाधड पाठ म्हणून दाखवितो, त्याच्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणतो. गुरुजी वर्गात रागावले, म्हणजे हा शब्द त्यांच्या तोंडून हमखास बाहेर पडतो. अशा वेळी विद्यार्थ्याबरोबर एका पक्ष्याचीही निंदा होत असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पोपट जे बोलतो ते अर्थ न जाणताच बोलतो, असे आपण गृहीत धरलेले असते. पण ज्यांनी पोपटाशी मन लावून खेळून पाहिले, त्यांना निराळाच अनुभव आला. हा पक्षी विचार करतो, आवडनिवड सांगतो, रुसतो, थट्टा करतो आणि मनाजोगा सोबती मिळाला, तर आपण होऊन खेळाचा नवा डाव मांडतो, असे त्यांना आढळले.

पोपटाला बोलावयास शिकविण्याची हौस आपल्या देशात फार जुनी आहे. प्राचीन ग्रंथांत ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत पोपट आणि मैना यांना बोलावयास शिकविणे ही एक कला मानलेली असून, तिला 'शुकसारिकाप्रलापन' असे भारदस्त नाव आहे. 'शुकसप्तती' या संस्कृत कथासंग्रहात तर एक पोपटच सत्तर गोष्टी सांगतो. इसवी सनापूर्वी सुमारे 400 वर्षे, इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने हिंदुस्थानाविषयी एक ग्रंथ लिहिला. येथील हा पक्षी माणसासारखा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीक भाषाही बोलेल, असे त्याने त्यात नमूद केले आहे. पोपटाच्या वाणीचे कौतुक असे सर्वत्र झाले. परंतु ही वाणी त्याला हवी असते तरी कशासाठी, याचा विचार मात्र फार उशिरा झाला.

त्यासाठी रानातला पोपट पाहिला पाहिजे. आपल्याकडे गावोगाव दिसणारा हिरवा राघू कधी एकटा राहत नाही. सूर्योदय होतो न होतो, तोच थवेच्या थवे कलकलाट करीत चाऱ्यासाठी निघतात आणि दिवस मावळताना एखाद्या मोठ्या झाडावर पुन्हा एकत्र जमतात. उडताना, खाताना, फांदीवर टेकताना त्यांची एकमेकांना हाक चालूच असते. 'मी येथे आहे, तू कोठे आहेस?' असाच जणू त्या हाकेचा अर्थ असतो. थव्यातून चुकलेल्या पोपटाचे रानात निभणे कठीण. म्हणून सोबत ही त्याला अन्नपाण्याइतकीच आवश्यक असते. पिंजऱ्यातल्या पोपटाला हा थवा नसतो. घरातली माणसे हाच त्याचा थवा. त्या थव्याची हाक तो शिकतो, ती मुख्यतः या थव्यात आपल्याला स्थान मिळावे म्हणून.

सोबतीप्रमाणेच उद्योगाची आवडही त्याच्या शरीरातच भरलेली आहे. त्याच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली असतात. त्यामुळे फांदी घट्ट धरता येते आणि एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने हातासारखा घास उचलता येतो. त्याच्या चोचीचा वरचा भागही हलतो. ही चोच म्हणजे त्याचा अडकित्ता, चिमटा आणि चढताना लागणारा तिसरा पाय होय. जीभ जाड आणि चपळ असते. तिने तो प्रत्येक वस्तू चाचपून पाहतो. ज्वारीच्या कणसाला उलटे लटकून दाणे टिपणारे पोपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कारागिराची करामत वेगळी सांगावयास नको. माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला तर ती चांगलीच ठाऊक असते! फळ शोधावयाचे, ते फोडावयाचे, बी काढावयाचे, साल टाकावयाची, शत्रूवर नजर ठेवावयाची आणि सोबत्यांशी भांडावयाचे, अशा नाना कामांत रानातल्या पोपटाचा दिवस भरून जातो.

आता हाच पक्षी पिंजऱ्यात ठेवला, म्हणजे काय होते पाहा. दाण्याची वाटी समोर येते आणि दिवसभराचे काम दहा मिनिटांत संपते. उरलेल्या वेळाचे त्याने करावे काय? मग तो दांडीवर त्याच त्या फेऱ्या घालतो, पिंजऱ्याच्या गजांना चावतो, तासन्‌तास किंचाळतो. काही पोपट तर आपल्याच अंगावरची पिसे चोचीने उपटू लागतात आणि छाती उघडी बोडकी करून घेतात. यामागे कधी आजार असतो आणि तो पशुवैद्यानेच तपासला पाहिजे. परंतु पुष्कळदा त्याच्या मुळाशी एकटेपणा आणि रिकामपण असते. 'सोन्याचा पिंजरा' आपण कवितेत वाचतो. पण पोपटाच्या दृष्टीने सोन्याच्या आणि लोखंडाच्या पिंजऱ्यांत काही भेद नाही. त्यात आपल्याला करण्यासारखे काही आहे का आणि आपल्यासाठी कोणी येते का, एवढेच त्याला महत्त्वाचे वाटते. पाळलेल्या पोपटाशी खेळणे ही केवळ मालकाची करमणूक नाही. ते पोपटाचे देणे आहे, ते यासाठी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या देशातील कोणताही रानपोपट पाळण्याची मोकळीक आज कोणालाही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथील पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून पिल्ले काढून ती टोपल्यांत कोंबून बाजारात नेली जातात, तेव्हा त्यांतील कित्येक वाटेतच मरतात. हा कायदा त्यांच्यासाठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या सहवासात वाढलेले काही परदेशी पोपट मात्र पाळता येतात. ज्याला आपल्या बाजारात सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, तो छोटा बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने 1840 मध्ये तो जिवंत इंग्लंडात नेला आणि तेव्हापासून तो जगभर घरोघरी पोहोचला. तुरेवाला कॉकाटिल हाही ऑस्ट्रेलियाचाच. काही परदेशी जातींची सरकारकडे नोंदही करावी लागते. म्हणून पक्षी घरी आणण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याविषयीचे नियम समजून घ्यावेत. त्याचे आयुष्यही ध्यानात घ्यावे. कारण मोठ्या जातीचे पोपट कित्येक दशके जगतात आणि आज मांडलेला खेळ तितकी वर्षे निभावावा लागतो.

असा पक्षी घरी असेल, तर त्याच्याशी खेळावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे त्याची ओळख होऊ द्यावी. नव्या पक्ष्याला माणसाचा हात हा शिकारी प्राण्याच्या पंजासारखा वाटतो. म्हणून प्रथम पिंजऱ्याजवळ नुसते बसावे, हलक्या आवाजात बोलावे, काहीतरी वाचावे. तो आपण होऊन जवळच्या दांडीवर आला, म्हणजे एखादा आवडीचा दाणा पुढे करावा. त्याने तो घेतला नाही, तरी रागावू नये. पोपटाला आपल्यासारखे 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नसले, तरी त्याचे सर्व अंग बोलत असते. अंग सैल सोडून तो पुढे झुकला, म्हणजे त्याची संमती समजावी. पिसे अंगाशी घट्ट आवळून तो मागे सरला किंवा चोच उघडून ताठ उभा राहिला, म्हणजे नकार समजावा. डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहानमोठ्या होऊ लागल्या, तर तो उत्तेजित झाला आहे हे नक्की; मात्र ही उत्तेजना आनंदाची की रागाची, हे पिसांवरून आणि शेपटीवरून ओळखावे लागते. ज्याला ही मूक भाषा वाचता येते, तोच पोपटाचा खरा खेळगडी होऊ शकतो.

ओळख झाली, म्हणजे खेळांना तोटा नाही. पहिला खेळ शोधण्याचा. पळसाच्या पानांचे दोन द्रोण किंवा दोन वाट्या घ्याव्यात. पोपटाच्या देखत एकीखाली सूर्यफुलाचे बी ठेवून दोन्ही पालथ्या घालाव्यात. तो चोचीने योग्य वाटी उलटवितो, तेव्हा त्याची ऐट पाहण्यासारखी असते! मग वाट्यांची जागा बदलावी, दोनाच्या तीन कराव्यात. क्वचित वाटी त्याच्याकडे सरकवून 'आता तू लपव' असा डाव मांडावा. त्याला लपविता आले नाही, तरी वाटी ढकलण्यात त्याला मौज वाटते. आपण नसतानाही त्याला उद्योग राहावा, म्हणून दाणे कोऱ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवावेत किंवा मक्याचे कणीस सालीसकट द्यावे. घास मिळविण्यासाठी खटपट करण्याचा त्याचा जुना हक्क त्याला असा परत मिळतो.

दुसरा खेळ पाडापाडीचा. पोपट टेबलाच्या काठावर येतो, चमचा किंवा लाकडी ठोकळा ढकलून खाली पाडतो आणि मान वाकडी करून तो कसा पडला हे पाहतो. आपण वस्तू उचलून पुन्हा वर ठेवली, की तो पुन्हा पाडतो. पुष्कळांना हा त्याचा खोडकरपणा वाटतो. वस्तुतः ते त्याने आपल्याला दिलेले खेळाचे आमंत्रण असते. रांगते मूलही पाळण्यातून खुळखुळा टाकून आईला असेच उचलावयास लावते. कोणी उचलणारा नसेल, तर पाडण्यात काय गंमत?

तिसरा खेळ साद-प्रतिसादाचा. दोन सुरांची एक शीळ घालावी आणि थांबावे. पोपटाने उत्तर दिले, तर तेच सूर उलटे करून पुन्हा थांबावे. या खेळात थांबणे हेच महत्त्वाचे. कारण आपण सारखी शीळ घालीत राहिलो, तर त्याची पाळी येतच नाही. तो एखादा नवा सूर काढील, तेव्हा आपण त्याची नक्कल करावी. आजवर तो माणसाची नक्कल करीत आला. माणसाने त्याची नक्कल केली, म्हणजे त्याचा उत्साह दुणावतो. दाराआड लपून 'बुवा' म्हणावे आणि त्याने हाक मारताच 'कुक' करून पुढे यावे, हा लपंडावही याच जातीचा. आपण दिसेनासे झालो, तरी हाकेला उत्तर मिळते, असा विश्वास त्यातून त्याच्या मनात निर्माण होतो आणि एकटे असतानाचे त्याचे किंचाळणे कमी होऊ शकते.

चौथा खेळ काठीचा. एक लहानशी काठी पुढे धरावी. पोपटाने कुतूहलाने तिच्या टोकाला चोच लावली, की लगेच 'शाबास' म्हणून दाणा द्यावा. काही दिवसांनी काठी जेथे नेऊ तेथे तो येतो. वळतो, चढतो, हातावरही येऊन बसतो. त्याला धरावे लागत नाही की ढकलावे लागत नाही. याशिवाय कणसाच्या सालीची ओढाओढ, टेबलावर टकटक करून ताल धरणे, करवंटीत खडे वाजविणे, असे कितीतरी खेळ घरच्या घरी सुचतात. तालाचा खेळ तर विशेष आनंदाचा. अमेरिकेतील 'स्नोबॉल' नावाचा एक पांढरा काकाकुवा संगीत लागले, की मान डोलवीत आणि पाय उचलीत नाचू लागे. शास्त्रज्ञांनी गाण्याची गती कमीजास्त करून पाहिली, तेव्हा तोही आपल्या नाचाची गती बदलून तालाशी जुळवून घेतो, असे त्यांना दिसले. हे संशोधन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2019 मध्ये त्याच्या नाचातील 14 निरनिराळ्या हालचालींची नोंद करण्यात आली. या हालचाली त्याला कोणी शिकविलेल्या नव्हत्या.

पोपटाशी खेळता खेळता माणूस किती दूरवर जाऊ शकतो, हे पाहावयाचे असेल, तर ॲलेक्सची कथा ऐकली पाहिजे. 1977 मध्ये आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन विदुषीने शिकागोच्या परिसरातील एका दुकानातून सुमारे एक वर्षाचा राखी रंगाचा आफ्रिकन पोपट विकत आणला. त्याचेच नाव ॲलेक्स. बाईंनी पदवी रसायनशास्त्रात मिळविलेली. परंतु पक्ष्यांच्या बुद्धीविषयी त्यांना विलक्षण कुतूहल. एवढ्याशा मेंदूचा पक्षी विचार तो काय करणार, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत असत.

पेपरबर्गबाईंनी शिकविण्याची रीत निवडली, ती म्हणजे तिघांचा एक खेळच होता. मूळ कल्पना जर्मन शास्त्रज्ञ डीटमार टोट यांची. ॲलेक्स समोर बसलेला असे. एक जण लाकडाचा तुकडा हातात धरून दुसऱ्याला विचारी, "हे काय?" दुसरा म्हणे, "लाकूड." उत्तर बरोबर आले, की लाकूड त्याला मिळे. कधी तो मुद्दाम चुके. मग वस्तू लपविली जाई. नंतर दोघे आपल्या भूमिका बदलीत. आपल्याला हवी असलेली वस्तू दुसराच पटकावतो आहे, हे पाहून ॲलेक्स अस्वस्थ होई आणि तो शब्द उच्चारण्याची धडपड करी. उच्चार साधला, म्हणजे बक्षीस म्हणून तीच वस्तू त्याला मिळे. कागद म्हटले की कागद, किल्ली म्हटली की किल्ली. त्यामुळे शब्दाचे आणि वस्तूचे नाते त्याच्या मनात पक्के बसले. नुसत्या दाण्याच्या लालचीने घोकून घेतलेल्या शब्दात आणि या शब्दात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या रीतीने ॲलेक्स शंभराच्या आसपास शब्द शिकला. सुमारे 50 वस्तू तो नावाने ओळखी; सात रंग आणि पाच आकार सांगे; सहापर्यंतच्या वस्तूंची संख्या सांगे. दोन वस्तूंत सारखे काय आणि निराळे काय, असे विचारले, तर 'रंग', 'आकार' किंवा ती कशाची केली आहे, असे उत्तर देई. एकदा आरशात आपले प्रतिबिंब पाहून त्याने त्याचा रंग कोणता, असे विचारले आणि पाचसहा वेळा उत्तर ऐकून तो 'राखी' हा शब्द शिकला. सफरचंदाला त्याने 'बॅनेरी' असे स्वतःच नाव ठेवले. त्याला ठाऊक असलेल्या 'बनाना' आणि 'चेरी' या दोन फळांच्या नावांची ही त्याने घातलेली सांगड असावी, असे बाईंना वाटले.

पण सर्वांत लक्षात राहण्यासारखा प्रसंग निराळाच आहे. त्याच्यासमोर निरनिराळ्या रंगांच्या ठोकळ्यांचे तीन गट ठेवले होते. एकात दोन, एकात तीन आणि एकात सहा. "तीन कोणत्या रंगाचे?" असा प्रश्न होता. ॲलेक्सला उत्तर येत होते. तरीही तो पुन्हा पुन्हा "पाच" असेच म्हणू लागला. समोर तर पाचांचा गट नव्हताच! अखेर बाईंनी कंटाळून विचारले, "बरे, पाच कोणत्या रंगाचे?" ॲलेक्स उत्तरला, "कोणतेच नाही." हा शब्द त्याला पूर्वी वेगळ्याच प्रश्नासाठी शिकविला होता. दोन वस्तूंत काहीच सारखे नसेल, तर तसे म्हणावयाचे, एवढेच त्याला सांगितले होते. 'येथे पाच वस्तू नाहीत' हे सांगण्यासाठी तो शब्द त्याने आपण होऊन वापरला. हे निरीक्षण 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दिवशी कंटाळलेल्या पोपटाने परीक्षकालाच आपल्या आवडीचा प्रश्न विचारावयास लावले होते, असे म्हटले तरी चालेल.

ॲलेक्स खेळाला नकारही देत असे. तेच तेच प्रश्न फार झाले, की तो मुद्दाम भलती उत्तरे देई, पाठ फिरवी किंवा 'मला परत जावयाचे आहे' असे सांगे. आणि बहुधा त्याचे ऐकले जाई. 6 सप्टेंबर 2007 रोजी वयाच्या 31 व्या वर्षी तो अचानक मरण पावला. त्याच्या बोलण्याला 'भाषा' म्हणावे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि स्वतः पेपरबर्गबाईही तो शब्द जपून वापरीत. परंतु माणूस आणि पक्षी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी संवाद होऊ शकतो, हे त्या तीस वर्षांच्या खेळाने दाखवून दिले.

ॲलेक्सला शिकविणारी माणसे होती. पण माणसाने काहीही शिकविले नाही, तरीही पोपट खेळातून शिकतो, असे दिसून आले आहे. ऑस्ट्रियात शास्त्रज्ञांनी पाळलेला 'फिगारो' नावाचा काकाकुवा एका खड्याशी खेळत होता. खडा जाळीपलीकडे गेला. पाय पुरेना, तेव्हा फिगारोने एक काडी आणून खडा ओढण्याचा प्रयत्न केला. ते पाहून शास्त्रज्ञांनी खड्याच्या जागी बी ठेवून पाहिले. त्याने पिंजऱ्यातील लाकडाची एक लांब ढलपी चोचीने सोलून काढली आणि तिने ते बी आत ओढले! या जातीचे पक्षी रानात अशी हत्यारे करतात, हे तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते. हे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात राहणारा 'किया' हा पोपट तर खेळगड्यांचा राजाच म्हणावा लागेल. खेळताना तो एक विशिष्ट आवाज काढतो. शास्त्रज्ञांनी हा आवाज ध्वनिमुद्रित करून रानातल्या कियांना ऐकविला, तेव्हा स्वस्थ बसलेले पक्षीही खेळू लागले. कोणी सोबत्याशी, तर कोणी एकटाच आकाशात कोलांट्या घेऊन. माणसाचे हसणे जसे एकापासून दुसऱ्याला लागते, तसाच हा प्रकार आहे, असा निष्कर्ष त्यांनी 2017 मध्ये मांडला.

खेळात आनंद आहे, तशीच जबाबदारीही आहे. पोपट बाहेर सोडण्यापूर्वी पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि आरशावर पडदा टाकावा. चुलीजवळ त्याला नेऊ नये. अन्न न चिकटणाऱ्या तव्याचा लेप फार तापला, तर त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांना प्राणघातक ठरते. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो ही त्याला विषासमान होत. रंग दिलेली स्वस्त खेळणी, गंजलेली साखळी, पायात अडकणारा दोरा यांपासून त्याला जपावे. खेळानंतर आपले हात साबणाने धुवावेत. कारण पक्ष्यांचे काही रोग माणसालाही होतात. तो चावला, तर ओरडू नये आणि मारूही नये. मारल्याने विश्वास कायमचा जातो. ओरडल्याने तर त्याला हा एक नवाच मजेचा खेळ वाटण्याचा संभव असतो! शांतपणे बाजूला व्हावे आणि आपण कोणती खूण ओळखावयास चुकलो, याचा विचार करावा. खेळ एका वेळी दहापंधरा मिनिटेच असावा आणि तो रंगात असतानाच थांबवावा. रात्री त्याला अंधार आणि निवांत झोप मिळावी.

आणि ज्यांच्या घरी पोपट नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी सारे आकाश मोकळे आहे. संध्याकाळी एखाद्या जुन्या वडापिंपळाकडे लक्ष द्यावे. गळ्याभोवती वळे असलेला नर आणि वळे नसलेली मादी ओळखण्याचा प्रयत्न करावा. कोण फांदीला उलटा लटकतो, कोण शेजाऱ्याच्या चोचीतला घास पळवितो, कोण उगाचच पान तोडून खाली टाकतो, हे वहीत टिपून ठेवावे. उगाच तोडलेले ते पानही बहुधा खेळच असतो. घरट्यातून पडलेले किंवा जखमी झालेले पिल्लू दिसले, तर त्याला पाळावयास न घेता वनविभागाला कळवावे. आपल्या राघूशी खेळण्याची उत्तम रीत म्हणजे त्याला त्याच्या सोबत्यांबरोबर खेळू देणे.

खेळाचा खरा नियम एकच आहे: दोघांनाही पाळी मिळाली पाहिजे. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने नुसते म्हणून दाखवावे, याला खेळ म्हणत नाहीत. शिकणेही म्हणत नाहीत. पोपटाला नुसते शब्द पढविले, की तो पोपटपंची करतो. त्याला विचारण्याची, नाकारण्याची आणि जिंकण्याची संधी दिली, की तो बोलू लागतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही याहून वेगळे काही नसावे.

शब्दार्थ
गृहीत धरणे – आधीच मान्य करून चालणे.
शुक – पोपट.
सारिका – मैना.
माळा – पिकाची राखण करण्यासाठी शेतात उभारलेला मचाण.
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी.
ढलपी – लाकडाचा सोललेला पातळ तुकडा.
विदुषी – विद्वान स्त्री.
दुणावणे – दुप्पट होणे, वाढणे.

अभ्यास
1. पिंजऱ्यातल्या पोपटाचा दिवस आणि रानातल्या पोपटाचा दिवस यांत लेखकाने कोणता फरक दाखविला आहे?
2. 'पाळलेल्या पोपटाशी खेळणे हे पोपटाचे देणे आहे,' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
3. ॲलेक्सला शिकविण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा. बक्षीस म्हणून दाणा न देता तीच वस्तू का दिली जात असे?
4. 'कोणतेच नाही' या ॲलेक्सच्या उत्तराचे महत्त्व काय?
5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: जमीन-अस्मानाचे अंतर असणे, सांगड घालणे, तोटा नसणे.
6. आपल्या भाषेत पशुपक्ष्यांच्या नावांवरून आलेले, 'पोपटपंची'सारखे आणखी पाच शब्द किंवा वाक्प्रचार शोधा. त्यांपैकी कोणत्या प्राण्यावर अन्याय होतो, असे तुम्हांस वाटते? का?
7. आठवडाभर रोज संध्याकाळी एकाच झाडावरील पक्ष्यांचे निरीक्षण करा आणि त्यांच्या खेळांविषयी दहा ओळी लिहा.